धसकटातला ताप आणि डॉ. मायस्तेगी

अर्जेंटिनाच्या पाम्पास या सपाट, सुपीक मुलखात मक्याची काढणी मार्चच्या सुमारास सुरू होते. दक्षिण गोलार्धातला तो शरद ऋतू. १९५०च्या दशकात याच हंगामात तिथल्या शेतमजुरांमध्ये एक वेगळाच ताप दिसू लागला. सुरुवात अगदी साधी, आपल्याकडच्या कुठल्याही फ्लूसारखी: कणकण, अंगदुखी, भूक मेलेली. चार-पाच दिवसांनी हिरड्यांतून रक्त, अंगावर बारीक लाल ठिपके, हातांना कंप. रक्त तपासले तर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स दोन्ही घसरलेल्या. उपचार नसताना शंभरातले पंधरा ते तीस रुग्ण दगावत, बहुतेक कमावते पुरुष. लोक त्याला धसकटांचा आजार म्हणत. पीक कापल्यावर शेतात उभी राहणारी खुंटे, त्यांचा आजार.

नाव चुकीचे नव्हते. १९५८ मध्ये या तापाचा विषाणू सापडला आणि हुनीन या गावावरून त्याला हुनीन विषाणू म्हणू लागले. त्याचे घर म्हणजे मुठीत मावेल एवढा एक रानउंदीर. तो माणसांच्या घरात फारसा शिरत नाही. पिकात, बांधावर, कुंपणाखालच्या गवतात राहतो. विषाणू अंगात घेऊन हिंडतो आणि लाळेतून, मूत्रातून तो बाहेर टाकत राहतो. काढणीच्या वेळी धुरळा उडतो, कापणी यंत्राखाली उंदीर चिरडले जातात, आणि विषाणू श्वासावाटे किंवा हातापायांच्या खरचटलेल्या जागेतून माणसात शिरतो. कोकणात भातशेतीत होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची आठवण यावी असाच हा प्रकार. पण लेप्टोचा जिवाणू प्रतिजैविकांना दाद देतो. हुनीनवर तसे औषध नव्हते.

हूलिओ मायस्तेगी यांचा जन्म १९३१चा. वैद्यकीचे शिक्षण झाल्यावर ते अमेरिकेत पुढे शिकले. परत आल्यावर राजधानीत बस्तान बसवणे सोपे होते. १९६०च्या दशकात त्यांनी काम उभारले ते मात्र ब्युनोस आयर्सपासून सव्वादोनशे किलोमीटरवरच्या पेर्गामिनो गावात, आजाराच्या अगदी मधोमध. रुग्ण तिथेच, उंदीर तिथेच, आणि प्रयोगशाळाही तिथेच हवी, हा त्यांचा साधा हिशेब.

तेव्हा एक उपचार प्रचारात होता. या तापातून बऱ्या झालेल्या माणसाचे प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशींविरहित द्रव, नव्या रुग्णाला द्यायचा. गुण येतो असे अनेक डॉक्टरांना वाटत होते. वाटणे आणि असणे यांत मात्र अंतर असते. परक्याच्या रक्तातून कावीळ येऊ शकते, आणि काही रुग्ण उपचाराशिवायही बरे होत होतेच.

मायस्तेगींनी चाचणी घेतली. आजाराच्या पहिल्या आठ दिवसांत आलेल्या १८८ रुग्णांपैकी ९१ जणांना बऱ्या झालेल्यांचे प्लाझ्मा मिळाले, ९७ जणांना साधे. कोणाला काय मिळाले हे उपचार करणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. पहिल्या गटात एक मृत्यू झाला, दुसऱ्यात सोळा. १९७९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे आकडे आले. सोळा मृत्यूंचा हा आकडा कुठल्याही वॉर्डातल्या डॉक्टरला सहज वाचता येणार नाही. पण ही चाचणी झाली नसती तर प्लाझ्मा कोणी दिले असते, कोणी नाकारले असते, आणि उशिरा देण्यात काही अर्थ आहे का हा वाद चालूच राहिला असता. त्यानंतर पहिल्या आठ दिवसांत प्लाझ्मा हा नियम झाला आणि मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आले.

त्याच लेखात त्यांनी उपचाराची उणी बाजूही मांडली. प्लाझ्मा घेऊन बरे झालेल्यांपैकी काहींना काही आठवड्यांनी पुन्हा ताप, डोकेदुखी आणि चालताना तोल जाण्याचा त्रास होत होता. बहुतेकांचा तो आपोआप थांबे. घरी पाठवलेल्या रुग्णांचा पाठपुरावा केला नसता तर हे कळलेच नसते.

उपचार मिळाला तरी माणूस आधी आजारी पडतच होता, आणि आजाराचा पट्टा दर काही वर्षांनी नव्या जिल्ह्यांत सरकत होता. एवढ्या मोठ्या शेतीच्या मुलखात उंदीर मारून संपणार नाहीत, हे उघड होते. उरली लस. हुलिओ बार्रेरा ओरो या अर्जेंटिनी विषाणुशास्त्रज्ञाने अमेरिकन लष्कराच्या फोर्ट डेट्रिक येथील संशोधन संस्थेत विषाणू दुबळा करून ‘कँडिड वन’ ही लस बनवली. ती शेतात उपयोगी आहे का, हे पाहणे मायस्तेगींच्या चमूकडे आले. १९८८ पासून सांता फे प्रांतातल्या ६,५०० शेतमजुरांना लस किंवा लस नसलेली सुई, यांपैकी एक मिळाली. दोन हंगामांत २३ जणांना हा ताप आल्याचे प्रयोगशाळेत सिद्ध झाले. त्यातले २२ लस न मिळालेले, एक लस घेतलेला.

१९९१ पासून धोक्याच्या भागात लसीकरण सुरू झाले. १९९३ मध्ये मायस्तेगी वारले, वयाच्या साठीच्या सुरुवातीलाच. चाचणीचा सविस्तर अहवाल १९९८ मध्ये छापून आला, त्यांच्याच नावाने. लसीचा पुरवठा अमेरिकेतून होत असे, तोही तुटपुंजा. त्यामुळे पेर्गामिनोच्या संस्थेने ती स्वतः बनवायला घेतली, आणि २००६ मध्ये देशी लसीला परवानगी मिळाली. संस्थेला आता मायस्तेगींचे नाव आहे. दरवर्षी शेकड्यांनी येणारे रुग्ण आता मोजकेच येतात.

त्यातून एक नवीच अडचण उभी राहिली. लस न घेतलेला एखादा मजूर अजूनही तापाने येतो, आणि त्याला अजूनही प्लाझ्माच लागते. ते मिळते फक्त या तापातून उठलेल्या माणसांकडून. रुग्ण कमी झाले तसे नवे दातेही कमी झाले, आणि जुने दाते म्हातारे होत चालले आहेत.