जास्तीच्या फांद्या आणि डॉ. काहाल

स्पेनमधल्या पेतिया दे आरागोन या डोंगरी खेड्यात १ मे १८५२ रोजी जन्मलेला सँटियागो रामोन इ काहाल हा मुलगा म्हणजे वडिलांच्या डोक्याला ताप होता. वडील शल्यचिकित्सक, शिस्तीचे कडक. मुलाला मात्र फक्त चित्रं काढायची होती. अकराव्या वर्षी त्यानं घरी बनवलेल्या तोफेनं शेजाऱ्याचं फाटक उडवलं आणि काही दिवस कोठडीत काढले. शाळेत मन रमेना म्हणून वडिलांनी त्याला न्हाव्याच्या दुकानात आणि जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारीला ठेवून पाहिलं. शेवटी कामी आली ती वेगळीच युक्ती. वडील त्याला जुन्या दफनभूमीत घेऊन गेले आणि वर आलेली हाडं गोळा करून त्यांची चित्रं काढायला लावली. शरीररचनेची गोडी लागली ती तिथं. (पालकांनी लगेच त्या वाटेला जाऊ नये!)

१८७३ साली वैद्यकीय पदवी मिळाली. लष्करी डॉक्टर म्हणून ते क्युबाला गेले आणि मलेरियानं खंगून परतले. साठलेल्या पगारातून त्यांनी सूक्ष्मदर्शक घेतला. पुढं १८८५ च्या कॉलऱ्याच्या साथीत केलेल्या कामाबद्दल सारागोसाच्या प्रशासनानं त्यांना चांगला झाइस सूक्ष्मदर्शक भेट दिला.

१८८७ मध्ये माद्रिदमधल्या एका सहकाऱ्याकडे त्यांनी इटलीच्या कॅमिलो गोल्गी यांच्या पद्धतीनं रंगवलेला मेंदूचा काप पाहिला. ही चांदीच्या क्षाराची पद्धत मोठी लहरी. शेकडो पेशींपैकी मोजक्याच काळ्या होतात, पण ज्या होतात त्या फांद्यांसकट संपूर्ण दिसतात. मेंदू म्हणजे एकमेकांत मिसळलेल्या तंतूंचं एकसंध जाळं आहे, असं तेव्हा बहुतेकांचं मत होतं. गोल्गींचंही तेच होतं.

काहाल यांनी इथं एक साधा विचार केला. घनदाट जंगलात एकेक झाड वेगळं ओळखता येत नसेल, तर रोपवाटिकेत जावं. त्यांनी पक्ष्यांचे भ्रूण आणि नुकत्याच जन्मलेल्या प्राण्यांचे मेंदू घेतले. या वयात तंतूंवर चरबीचं आवरण चढलेलं नसतं, त्यामुळे रंग नीट बसतो. प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र आहे, ती दुसरीला टेकते पण तिच्यात मिसळत नाही, हे त्यांना दिसलं. मे १८८८ मध्ये त्यांनी स्वतःच्या खर्चानं नियतकालिक काढलं. पहिल्या अंकाच्या प्रती फक्त ६०! पुढच्या वर्षी आपल्या काचपट्ट्या घेऊन ते बर्लिनच्या परिषदेत गेले आणि तिथं कॉलिकर यांच्यासारख्या ज्येष्ठ शास्त्रज्ञाची खात्री पटवली.

कोवळे मेंदू पाहण्याचा आणखी एक फायदा झाला, आणि माझ्या मते तो तितकाच मोठा आहे. वाढत्या पेशीला सुरुवातीला गरजेपेक्षा जास्त फांद्या फुटतात आणि नंतर त्यातल्या बऱ्याच आक्रसून नाहीशा होतात, हे काहाल यांनी टिपून ठेवलं. वाढ म्हणजे केवळ भर पडणं नव्हे, हे त्या काळी कोणाच्या डोक्यात सहज येणारं नव्हतं. दोन पेशींमधला सांधा, म्हणजे सिनॅप्स, मात्र त्यांना दिसला नाही. तो दिसायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला.

पुरावे मागाहून आले. लहान मेंदूतल्या पर्किन्जे पेशीवर वेलीसारखे चढणारे तंतू काहाल यांनी फार प्रेमानं रेखाटले होते. १९७६ मध्ये फ्रेंच संशोधकांनी दाखवलं, की उंदराच्या नवजात पिल्लात अशा एका पेशीवर अनेक तंतू हक्क सांगतात आणि सुमारे दोन आठवड्यांत एकच उरतो. माणसाचा हिशेब १९७९ मध्ये पीटर हुटेनलोखर यांनी मांडला. मेंदूच्या पुढच्या भागात सिनॅप्सची दाटी पहिल्या-दुसऱ्या वर्षी सर्वाधिक, प्रौढांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त असते. नंतर ती साधारण सोळाव्या वर्षापर्यंत उतरत जाते. कोणता सांधा टिकणार, हे बऱ्याच अंशी वापरावर ठरतं.

आमच्या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात याचा अर्थ रोज समजावावा लागतो. मूल तिरळं पाहतं, पण घरातले म्हणतात, मोठं झाल्यावर बघू. तोवर दुर्लक्षित डोळ्याची मेंदूतली जागा चांगला डोळा बळकावतो. मग चष्मा कितीही अचूक दिला तरी त्या डोळ्याला पुरेसं दिसत नाही. चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधण्याचा उपचार सात-आठ वर्षांच्या आत सर्वांत गुणकारी ठरतो. जन्मजात मोतीबिंदू असेल तर वर्षं सोडा, आठवडेही मोलाचे असतात.

१९०६ चं नोबेल काहाल आणि गोल्गी यांना विभागून मिळालं. दोघं स्टॉकहोमला प्रथमच भेटले, आणि गोल्गींनी भाषणात काहाल यांनी मोडीत काढलेल्या जाळ्याच्या सिद्धांताचीच बाजू घेतली.

काहाल स्वतःही नेहमी उदार नव्हते. त्यांच्या संस्थेतल्या पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये मेंदूतल्या मायक्रोग्लिया या छोट्या पेशी वेगळ्या ओळखल्या. या पेशी कचरा गिळतात, हेही त्यांनी सांगितलं. पुढच्याच वर्षी खटके उडाले आणि काहाल यांनी त्यांना प्रयोगशाळेबाहेर काढलं. १७ ऑक्टोबर १९३४ रोजी काहाल माद्रिदमध्ये वारले. रिओ ओर्तेगा स्पेनच्या यादवी युद्धाच्या काळात परागंदा झाले आणि १९४५ मध्ये ब्युनोस आयर्समध्ये त्यांचा अंत झाला.

२०११-१२ च्या सुमारास उंदराच्या पिल्लांवरच्या प्रयोगांत, वाढत्या मेंदूतले जास्तीचे सिनॅप्स गिळणाऱ्या पेशी सापडल्या. त्या याच मायक्रोग्लिया.