विल्यम व्हिकरी

विल्यम स्पेन्सर व्हिकरी (२१ जून, १९१४ – ११ ऑक्टोबर, १९९६) हे कॅनडात जन्मलेले आणि अमेरिकेत कार्य केलेले अर्थशास्त्रज्ञ होते. रस्ता वापरणाऱ्याने गर्दीच्या वेळी त्या वापराची खरी किंमत मोजावी, या गर्दी शुल्काच्या कल्पनेचे ते प्रमुख प्रवर्तक मानले जातात. १९९६ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना व जेम्स मिर्लीज यांना विभागून देण्यात आले.

जीवन

व्हिकरी यांचा जन्म ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील व्हिक्टोरिया येथे झाला. येल विद्यापीठातून त्यांनी १९३५ साली गणिताची पदवी घेतली. पुढील शिक्षण त्यांनी न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात घेतले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी शस्त्र हाती घेण्यास तात्त्विक कारणास्तव नकार दिला व पर्यायी नागरी सेवा केली. त्या काळात त्यांनी पोर्तो रिकोसाठी वारसा कराची रचना तयार केली. १९४६ साली ते कोलंबिया विद्यापीठात अध्यापक झाले आणि अखेरपर्यंत त्या विद्यापीठाशी निगडित राहिले.

वाहतूकविषयक विचार

१९५०च्या दशकाच्या आरंभी न्यू यॉर्कच्या महापौरांच्या समितीसाठी व्हिकरी यांनी भुयारी रेल्वेच्या भाड्याचा अभ्यास केला. तेव्हा अंतर व वेळ कोणतीही असो, भाडे १० सेंट होते. गर्दीच्या तासांत व गजबजलेल्या भागांत भाडे अधिक, तर इतर वेळी कमी असावे, अशी शिफारस त्यांनी केली. ती स्वीकारली गेली नाही.

हाच विचार त्यांनी रस्त्यांना लावला. गर्दीत शिरणारा प्रत्येक चालक स्वतःचा वेळ खर्च करतोच, पण मागच्या सर्वांनाही उशीर करतो. हा दुसरा खर्च त्याच्या हिशेबात येत नाही. म्हणून विनाशुल्क रस्ता प्रत्यक्षात फुकट नसतो, त्याची किंमत सर्वजण वेळेच्या रूपाने चुकवतात. रांगेत गेलेला वेळ कोणाच्याच हाती लागत नाही, शुल्काची रक्कम मात्र लोकोपयोगी कामांसाठी वापरता येते. १९५९ साली त्यांनी वॉशिंग्टन शहरासाठी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे योजना मांडली. तीत मोटारीत ओळख पटवणारे उपकरण बसवायचे, रस्त्यावरील यंत्रांनी तिची नोंद घ्यायची आणि मालकाला बिल पाठवायचे, अशी व्यवस्था होती. चौकातील मोजणी यंत्रणा व संगणक यांवर आधारलेली ही योजना त्या काळी अव्यवहार्य ठरवली गेली.

वाहन विम्यासंबंधी त्यांनी १९६८ साली लेखन केले. वर्षाचा ठरावीक हप्ता भरणाऱ्याला जास्त गाडी चालवल्याने जवळपास काहीच अधिक खर्च येत नाही, अपघाताचा धोका मात्र वाढतो. परिणामी कमी चालवणारे जास्त चालवणाऱ्यांचा भार उचलतात. विम्याचा खर्च पेट्रोल किंवा टायर यांच्या किमतीशी जोडण्याचा पर्याय त्यांनी सुचवला.

इतर कार्य

१९६१ साली त्यांनी बंद बोलींच्या लिलावाचे विश्लेषण केले. सर्वाधिक बोली लावणारा जिंकतो, पण दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकी रक्कम देतो, या पद्धतीला व्हिकरी लिलाव म्हणतात. यात प्रत्येकाने खरी किंमत सांगणेच त्याच्या हिताचे असते.

निधन व प्रभाव

८ ऑक्टोबर, १९९६ रोजी पुरस्काराची घोषणा झाली आणि तीनच दिवसांनी, एका परिषदेला मोटारीने जात असताना, व्हिकरी यांचे हृदयविकाराने निधन झाले. पुरस्कार त्यांच्या वतीने एका सहकाऱ्याने स्वीकारला.

सिंगापूरमध्ये १९७५ पासून शहराच्या मध्यभागी प्रवेशासाठी परवाना शुल्क सुरू झाले आणि १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक आकारणी आली. लंडनमध्ये २००३ साली, तर स्टॉकहोममध्ये २००६ सालच्या प्रयोगानंतर २००७ साली कायमस्वरूपी शुल्क लागू झाले. या शुल्काचा बोजा कमी उत्पन्नाच्या चालकांवर पडतो, हा आक्षेप आजही घेतला जातो. मिळालेले उत्पन्न सार्वजनिक वाहतुकीवर खर्च करणे हा त्यावरील एक उपाय मानला जातो. व्हिकरी यांच्या कर्मभूमीत, न्यू यॉर्कमधील मॅनहॅटनच्या ६०व्या रस्त्याच्या दक्षिणेकडील भागात, ही आकारणी ५ जानेवारी, २०२५ रोजी सुरू झाली.