ग्रंथांची वाट दाखविणारा

स्वित्झर्लंडमधील झुरिच नगरात १५१६ साली कॉन्राड गेस्नर याचा जन्म झाला. त्याचे वडील केसाळ कातड्यांचा व्यवसाय करीत. घरात माणसे फार व मिळकत बेताची. म्हणून कॉन्राडला एका वृद्ध आप्ताकडे ठेवण्यात आले. त्या आप्तास औषधी वनस्पतींची चांगली जाण होती. त्याच्या सहवासात वनस्पती पाहाव्या, ओळखाव्या व त्यांची नोंद ठेवावी, ही सवय मुलास लागली.

१५३१ साली कापेलच्या लढाईत वडील पडले. पंधरा वर्षांचा कॉन्राड पोरका झाला; परंतु त्याच्या बुद्धीचे तेज ओळखून गुरुजनांनी त्यास हात दिला. एकविसाव्या वर्षी तो लोझान येथे ग्रीक भाषेचा अध्यापक झाला व १५४१ साली बाझेल येथे वैद्यकाची पदवी त्याने मिळविली.

त्या काळी मुद्रणकला युरोपात नुकतीच रुजली होती. ग्रंथ झपाट्याने वाढत होते. पण कोणता ग्रंथ कोठे आहे व त्यात काय आहे, हे सांगणारे साधन नव्हते. शिवाय ग्रंथ नष्टही होत. १५२६ साली तुर्कांनी हंगेरीतील बुडा नगर लुटले, तेव्हा तेथील राजाच्या विख्यात ग्रंथालयाची वाताहत झाली. ही हानी गेस्नरच्या जिव्हारी लागली. ग्रंथ नाहीसे झाले, तरी त्यांची ओळख तरी नाहीशी होऊ नये, असे त्याने ठरविले.

इटली व जर्मनीतील ग्रंथालये त्याने पालथी घातली. मुद्रकांच्या याद्या मिळविल्या. तीन वर्षांच्या परिश्रमांनंतर १५४५ साली त्याची 'बिब्लिओथेका युनिव्हर्सालिस' ही सूची प्रसिद्ध झाली. लॅटिन, ग्रीक व हिब्रू भाषांतील सुमारे ३,००० ग्रंथकार व त्यांचे १०,००० हून अधिक ग्रंथ तीत आले. ही नुसती नावांची यादी नव्हती. ग्रंथ कोठे व केव्हा छापला, त्यात कोणता विषय आहे, त्याची योग्यता काय, अशी टिपणे त्याने ठिकठिकाणी जोडली. आवडता ग्रंथ घ्यावा व नावडता वगळावा, असा भेद मात्र त्याने केला नाही. निवड वाचकाने करावी, असे त्याचे मत होते.

पुढे १५४८ साली त्याने विषयवार सूची काढली. त्यासाठी तो नोंदी कागदाच्या एकाच बाजूस लिही, कात्रीने त्यांच्या चिठ्ठ्या करी व विषयानुसार लावी. तो स्वतः वैद्य. तरीही वैद्यकाचा विभाग मनासारखा पूर्ण झाला नाही, म्हणून तो त्याने छापलाच नाही.

१५५९ साली रोमच्या धर्मपीठाने निषिद्ध ग्रंथकारांची यादी काढली. तीत गेस्नरचेही नाव होते. सर्व ग्रंथांना आपल्या सूचीत स्थान देणाऱ्याच्या ग्रंथांवरच बंदी आली! तरीही त्याची लेखणी थांबली नाही.

झुरिचचा नगरवैद्य असताना १५६५ साली प्लेगने त्याचा अंत झाला. तेव्हा तो एकोणपन्नास वर्षांचा होता.

मराठीत शंकर गणेश दाते यांनी १८०० पासूनच्या मुद्रित ग्रंथांची सूची अशाच चिकाटीने सिद्ध केली. ग्रंथ लिहिणाऱ्याचे नाव सर्वांच्या ओठी असते. त्या ग्रंथापर्यंत आपणांस पोचविणारा मात्र बहुधा विसरला जातो. त्याचे ऋणही आपण मानले पाहिजे.