आधी शिकल्या, मग शिकविले

सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. १८४० साली त्यांचे लग्न जोतिरावांशी झाले. तेव्हा त्या नऊ वर्षांच्या, म्हणजे माझ्याहून एक वर्षाने लहान होत्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. त्या काळी मुलींना सहसा कोणी शाळेत घालत नसे.

जोतिरावांनी त्यांना घरी शिकविले. पण स्वतः शिकणे वेगळे आणि वर्गाला शिकविणे वेगळे. म्हणून त्यांनी अहमदनगरला फॅरारबाईंकडे व पुण्याला मिचेलबाईंकडे शिक्षिका होण्याचे शिक्षण घेतले. आमच्या शाळेत अध्यापक विद्यालयाच्या शेवटच्या वर्षाच्या ताई पाठ घ्यायला आल्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांचा खडू थरथरत होता. आम्ही तर नुसते ऐकत होतो. सावित्रीबाईंना रस्त्यातच लोक त्रास द्यायचे.

१८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली. तिथे त्या शिकवू लागल्या. लोक अंगावर शेण, चिखल फेकायचे. त्या जादा लुगडे बरोबर न्यायच्या, शाळेत बदलायच्या आणि शिकवायला उभ्या राहायच्या. प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्यांनाही प्लेग झाला. १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या.

आपली शाळा चौथीपर्यंतच आहे. पाचवीला दुसऱ्या गावाला चालत जावे लागते. आमच्या वर्गात माझ्यासकट सात मुली आहेत. सातही जणींना पाचवीत पाठवा, अशी माझी सर्व पालकांना विनंती आहे.