नगरसभेतून राजसभेत : सर फिरोजशहा मेहता

स्मरणिकेच्या या पानांवर ज्ञातीतील थोर पुरुषांची चरित्रे येत असतात. यंदा ज्ञातीबाहेरील, किंबहुना धर्मानेही वेगळ्या अशा एका पुरुषाचे चरित्र आम्ही ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत. नगरपिता होणे ही वरच्या अधिकारपदावर चढण्याची केवळ एक पायरी, असा समज सर्रास आढळतो. सर फिरोजशहा ती पायरी चढून देशाच्या राजकारणात गेले, राष्ट्रसभेचे अध्यक्ष झाले, व्हाइसरॉयच्या कायदेकौन्सिलात बसले. परंतु पायरी मात्र त्यांनी कधी सोडली नाही.

त्यांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईत एका पारशी व्यापारी घराण्यात झाला. एल्फिन्स्टन कॉलेजातील शिक्षणानंतर ते विलायतेस गेले व १८६८ साली बॅरिस्टर होऊन परतले. वकिलीत त्यांचा जम बसत होता, इतक्यात मुंबईत म्युनिसिपालिटीच्या कारभाराचे मोठे वादळ उठले.

त्या वेळी शहराची सारी सत्ता म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या हाती होती. हेच ते क्रॉफर्ड, ज्यांच्यावरील लाचलुचपतीच्या आरोपांचे प्रकरण पुढे १८८८ साली सबंध महाराष्ट्रात गाजले. त्यांनी शहर स्वच्छ केले, त्यांच्या नावाची मंडई उभी राहिली, हे खरे. पण खर्चाला धरबंध राहिला नाही. त्यांना आवर घालावयाचे काम जस्टिस ऑफ दि पीस या सरकारनियुक्त गृहस्थांचे, व ते त्यांना झेपले नाही. १८७१ साली करदाते खवळले. क्रॉफर्ड गेले की सर्व ठीक होईल, असे बहुतेकांस वाटत होते. अशा वेळी सव्वीस वर्षांचा हा बॅरिस्टर फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये उभा राहिला आणि त्याने निराळेच सांगितले : दोष एका माणसाचा नसून पद्धतीचा आहे, कमिशनर समर्थ असावा, पण त्याच्या डोक्यावर करदात्यांनी निवडून दिलेली सभा असावी. श्रोत्यांना हे मुळीच रुचले नाही. त्यांनी गोंगाट केला. लोकांच्या हिताची गोष्ट लोकांनाच न आवडणारी असू शकते, आणि तरीही ती बोलावी लागते, याचा पहिला धडा फिरोजशहांना तेथे मिळाला असावा असे आम्हांस वाटते.

पुढल्याच वर्षी, १८७२ मध्ये, नवा कायदा झाला. चौसष्ट सभासदांच्या कॉर्पोरेशनमध्ये निम्मे करदात्यांनी निवडावयाचे, सोळा जस्टिसांनी व सोळा सरकारने नेमावयाचे असे ठरले. फिरोजशहा या सभागृहात आले ते तेथलेच झाले. १८८४ व १८८५ अशी लागोपाठ दोन वर्षे ते अध्यक्ष होते. गटारे, पाणी, दिवाबत्ती, शाळा, दवाखाने यांच्या अंदाजपत्रकांतील आकडे ते बारकाईने तपासीत. १८८८ चा मुंबईचा म्युनिसिपल कायदा घडविण्यात त्यांचा व न्यायमूर्ती काशीनाथ त्र्यंबक तेलंग यांचा मोठा वाटा होता. शहराचा कारभार कॉर्पोरेशनच्या ठायी आहे, हे तत्त्व त्या कायद्यात स्पष्ट नमूद झाले. अनेक दुरुस्त्या होऊनही मुंबई आज त्याच कायद्याने चालते.

याच काळात राष्ट्रीय चळवळ आकार घेत होती. १८८५ च्या जानेवारीत तेलंग व बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासह त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापिली. वर्षअखेर मुंबईतच राष्ट्रसभा भरली. १८९० च्या कलकत्त्याच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. १८९२ च्या कौन्सिल कायद्याने म्युनिसिपालिट्यांसारख्या संस्थांना प्रांतिक कायदेमंडळात प्रतिनिधी सुचविण्याची मुभा मिळाली. मुंबई कॉर्पोरेशनने फिरोजशहांना पाठविले, आणि तेथील बिनसरकारी सभासदांनी त्यांना कलकत्त्यास वरिष्ठ कायदेकौन्सिलात निवडून दिले. थेट मतदानाने तेथे जाण्याचा मार्ग तेव्हा लोकप्रतिनिधीस नव्हताच.

कलकत्त्यास ते मुंबईचीच रीत घेऊन गेले. १८९५ साली पोलिस कायद्याच्या दुरुस्तीचे बिल निघाले. दंगलीच्या मुलखात जादा पोलिस बसवून त्यांचा खर्च रहिवाशांकडून वसूल करण्याचा अधिकार त्यात अधिकाऱ्यांच्या मर्जीवर सोडला होता. न्यायालयीन चौकशीवाचून असा अधिकार कोणासही देऊ नये, असे फिरोजशहांनी ठणकावून सांगितले. क्रॉफर्डच्या वेळचाच मुद्दा हा! फडणिशीचे सभासद सर जेम्स वेस्टलंड यांनी कौन्सिलात काही नवेच वारे शिरल्याची तक्रार केली. बिल मंजूर व्हावयाचे ते झालेच. पण अधिकाऱ्यांच्या समोर बसून त्यांच्याच कागदांतून त्यांना खोडून काढता येते, हे देशाने पाहिले. १९०१ साली शेतजमिनीच्या हस्तांतरणावर बंधने आणणारे बिल मुंबई कौन्सिलात आले, तेव्हा ते सभागृह सोडून बाहेर पडले. त्यांच्या मागोमाग गोपाळ कृष्ण गोखलेही गेले. त्याच सुमारास प्रकृतीमुळे फिरोजशहांनी कलकत्त्याची जागा सोडली व तेथे गोखले आले.

कॉर्पोरेशन मात्र सुटले नाही. तेथील त्यांचे वर्चस्व गोऱ्या अधिकाऱ्यांना सलत होते. १९०७ च्या निवडणुकीत जस्टिसांच्या सोळा जागांसाठी त्यांनी एकजुटीने सोळा उमेदवार उभे केले. अकाउंटंट जनरल हॅरिसन हे या कटाचे म्होरके, आणि टाइम्सचे संपादक लोव्हॅट फ्रेझर त्यांचे साथीदार. फिरोजशहा सतरावे आले! तीस वर्षे ज्यांनी कॉर्पोरेशन वाढविली ते बाहेर पडले, यामुळे शहरात संतापाची लाट उसळली. पण निवडून आलेल्यांपैकी एकाचा म्युनिसिपालिटीशी कंत्राटाचा संबंध निघाला, त्याची निवड रद्द झाली, व सतराव्या गृहस्थांना जागा मिळाली. कायदा ज्याने घडविला त्याच्या मदतीस तो असा धावून आला.

त्यांचा स्वभाव हुकमी होता, हे लपविण्याचे कारण नाही. त्याच वर्षअखेर राष्ट्रसभा नागपूरऐवजी सुरतेस नेण्यात त्यांचा हात होता. तेथे ती फुटली, आणि टिळकपक्षाला अनेक वर्षे बाहेर राहावे लागले. विरोधकाला सभेत जागा असावी, हे कॉर्पोरेशनमध्ये जपलेले सूत्र त्यांनी सुरतेस पाळले नाही, असे आमचे मत आहे.

१९१३ साली त्यांनी बॉम्बे क्रॉनिकल हे दैनिक काढले. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचा पुतळा कायदेमंडळापुढे अथवा हायकोर्टापुढे उभारला गेला नाही. तो बोरीबंदरासमोर, कॉर्पोरेशनच्या इमारतीच्या दाराशी आहे.