मोहम्मद हिदायतुल्ला

मोहम्मद हिदायतुल्ला (जन्म : लखनौ, १७ डिसेंबर १९०५, मृत्यू : मुंबई, १८ सप्टेंबर १९९२) हे भारताचे अकरावे सरन्यायाधीश आणि सहावे उपराष्ट्रपती होते. राष्ट्रपतिपदाची धुरा त्यांनी दोनदा हंगामी स्वरूपात सांभाळली. त्यांच्या वकिलीची आणि न्यायदानाची पायाभरणी नागपुरात झाली.

नागपूरचा काळ

शालेय शिक्षण रायपुरात झाल्यावर ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात दाखल झाले. पुढे केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकून व लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन १९३० साली त्यांनी नागपुरात वकिली सुरू केली. तेथील विधी महाविद्यालयात ते अध्यापनही करीत. १९४३ मध्ये ते मध्य प्रांत व वऱ्हाडचे महाधिवक्ता झाले. जून १९४६ मध्ये नागपूर उच्च न्यायालयात त्यांची पहिली नेमणूक झाली ती अतिरिक्त न्यायाधीश म्हणून. सप्टेंबरात ते कायम झाले. १९५४ मध्ये ते तेथील मुख्य न्यायाधीश झाले. राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि ते मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश म्हणून जबलपूरला गेले. डिसेंबर १९५८ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात आले आणि २५ फेब्रुवारी १९६८ रोजी सरन्यायाधीश झाले.

हंगामी राष्ट्रपती

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे निधन झाले. अनुच्छेद ६५ नुसार उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी कार्यभार घेतला. परंतु तेही राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढविण्याच्या विचारात होते. दोन्ही पदे एकाच वेळी रिकामी झाल्यास काय, याचे उत्तर संविधानात थेट दिलेले नव्हते. अनुच्छेद ७० ने ते संसदेवर सोपविले होते आणि एकोणीस वर्षे त्याची गरज पडली नव्हती. संसदेने त्याच मे महिन्यात घाईने कायदा केला : अशा वेळी सरन्यायाधीश आणि ते नसल्यास सर्वोच्च न्यायालयाचे उपलब्ध ज्येष्ठतम न्यायाधीश राष्ट्रपतींची कार्ये पार पाडतील. गिरींच्या राजीनाम्याचा पेच मात्र वेगळाच होता. राष्ट्रपतींनी राजीनामा उपराष्ट्रपतींकडे द्यावा आणि उपराष्ट्रपतींनी राष्ट्रपतींकडे, असे संविधान सांगते. येथे दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे होत्या.

२० जुलै रोजी हिदायतुल्ला राष्ट्रपती भवनात गेले आणि न्या. जे. सी. शहा यांच्याकडे सरन्यायाधीशपदाचा हंगामी कार्यभार आला. एका हंगामी नेमणुकीतून दुसरी निघाली ती अशी. २४ ऑगस्टपर्यंतच्या या पाच आठवड्यांत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे स्वागतही त्यांनीच केले.

खरा कस लागला तो बँक राष्ट्रीयीकरणाच्या वेळी. चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा अध्यादेश गिरींनी हंगामी राष्ट्रपती या नात्याने, पद सोडण्याच्या आदल्या दिवशी, १९ जुलै रोजी काढला होता. त्याची जागा घेणाऱ्या विधेयकाला ९ ऑगस्ट रोजी संमती दिली ती हिदायतुल्ला यांनी. म्हणजे एकाच उपायावर लागोपाठ दोन हंगामी राष्ट्रपतींच्या स्वाक्षऱ्या झाल्या. मुंबईचे रुस्तम कावसजी कूपर यांनी या उपायाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. ज्या कायद्याला आपणच संमती दिली, त्याच्या वैधतेचा निवाडा आपणच करणे न्यायतत्त्वाशी विसंगत ठरले असते. सरन्यायाधीश असूनही हिदायतुल्ला अकरा न्यायाधीशांच्या त्या पीठावर नव्हते, अध्यक्षस्थानी न्या. शहा होते. १० फेब्रुवारी १९७० रोजी न्यायालयाने दहा विरुद्ध एक अशा मताने कायदा रद्दबातल ठरविला. आक्षेप भरपाईच्या तत्त्वांवर आणि निवडक बँकांशी झालेल्या भेदभावावर होता. अध्यादेशाच्या वैधतेचा प्रश्न, त्याची जागा कायद्याने घेतल्यामुळे, अनुत्तरितच राहिला. सरकारने चारच दिवसांत नवा अध्यादेश काढून राष्ट्रीयीकरण टिकविले.

उत्तरायुष्य

माधवराव शिंदे यांच्या याचिकेवर, संस्थानिकांची मान्यता काढणारा राष्ट्रपतींचा आदेश १५ डिसेंबर १९७० रोजी रद्द ठरला. त्या पीठाचे अध्यक्षपद हिदायतुल्लांकडे होते. दुसऱ्याच दिवशी ते निवृत्त झाले. १९७९ मध्ये ते उपराष्ट्रपती झाले. ऑक्टोबर १९८२ मध्ये राष्ट्रपती झैलसिंग उपचारांसाठी अमेरिकेत असताना त्यांनी पुन्हा राष्ट्रपतींची कार्ये पार पाडली. या वेळी अनुच्छेद ६५ पुरेसा होता. ‘माय ओन बॉसवेल’ हे त्यांचे आत्मचरित्र होय. रायपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.