साष्टीतील इंग्रज पाद्री : फादर थॉमस स्टीफन्स

मराठी भाषेचा गौरव करणाऱ्या 'क्रिस्तपुराणा'तील ओव्या आपल्यापैकी अनेकांनी शालेय पुस्तकात वाचल्या असतील. त्या लिहिणारा कवी जन्माने इंग्रज होता, हेही बहुतेकांना ठाऊक असते. पण हा माणूस आपल्या साष्टीत जवळजवळ चाळीस वर्षे कसा राहिला, त्याचे दिवस कशात गेले आणि परक्या भाषेत सुमारे अकरा हजार ओव्या रचण्याची वेळ त्याच्यावर का आली, याची माहिती फारशी सांगितली जात नाही.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात बुश्टन या गावी झाला. वडील लंडनमध्ये व्यापार करीत. त्या काळी इंग्लंडमध्ये राणी एलिझाबेथचे राज्य होते आणि कॅथलिक पंथाच्या लोकांना आपला धर्म उघडपणे पाळणे कठीण झाले होते. स्टीफन्स आणि त्यांचे मित्र थॉमस पाउंड या दोघांनी रोमला जाऊन जेझुइट संघात दाखल होण्याचे ठरवले. निघण्यापूर्वीच पाउंड पकडले गेले आणि त्यांची पुढची सुमारे तीस वर्षे तुरुंगांत गेली. स्टीफन्स मात्र निसटले. १५७५ मध्ये रोममध्ये त्यांनी संघात प्रवेश केला आणि पुढे हिंदुस्थानात जाण्याची परवानगी मिळवली.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून पाच जहाजांचा ताफा तुताऱ्या आणि तोफांच्या गजरात निघाला. पोर्तो सांतो बेटाजवळ एका इंग्रज जहाजाने स्टीफन्स यांच्या जहाजावर गोळे डागले. आपल्याच देशबांधवांचा असा निरोप त्यांना मिळाला. सुदैवाने इजा कोणालाच झाली नाही. आफ्रिकेचे टोक ओलांडायला जुलैअखेर उजाडली. उशीर झाल्यामुळे जहाज मादागास्करच्या बाहेरच्या बाजूने, लांबच्या वाटेने न्यावे लागले. ताजे अन्न नाही, पाणी खराब. लोकांच्या हिरड्या सुजू लागल्या, पाय सुजले, अंगातली शक्ती गेली. दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि त्यांपैकी सत्तावीस दगावली. अखेर २४ ऑक्टोबरला जहाज गोव्याला लागले.

पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत स्टीफन्स यांनी वडिलांना सविस्तर पत्र लिहिले. समुद्रात दिसलेले पक्षी, मासे, वारे आणि प्रवाह यांचे वर्णन त्यात आहे. गोव्यात त्यांना सर्वांत नवल वाटले ते माडाचे. तेल, ताडी, गूळ, व्हिनेगर, दोरखंड, घराचे छप्पर हे सारे एकाच झाडापासून मिळते, हे त्यांनी लंडनच्या व्यापाऱ्याला कळेल अशा बारकाईने सांगितले. हे पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले. गोव्यात येऊन स्थायिक झालेले पहिले ज्ञात इंग्रज म्हणून स्टीफन्स यांचा उल्लेख होतो.

१५८० मध्ये त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. थोडा काळ जुन्या गोव्यात काढल्यावर त्यांची रवानगी साष्टीत झाली. ही साष्टी दुखावलेली होती. १५६७ मध्ये पोर्तुगीज कप्तानाने तिथली देवळे पाडली होती. त्याआधीच मंगेश कुशस्थळीहून आणि शांतादुर्गा केळशीहून नदीपलीकडे अंत्रुजात नेली गेली होती. ज्या घरांनी गाव सोडले नाही त्यांतली अनेक ख्रिस्ती झाली होती, काही मनाने आणि काही भीतीने. स्वतःच्या देशात धर्मासाठी छळ पाहिलेला हा तरुण, जिथे त्याच्याच धर्माच्या नावाने सत्ता चालत होती अशा मुलखात आला. त्याच्या आयुष्यातली ही विसंगती आपण झाकू नये.

साष्टीतील पाद्र्याचा दिवस बहुतांशी लोकांत जाई. मिस्सा, मुलांना दोतोर्न शिकवणे, आजाऱ्यांकडे जाणे, लग्ने, बारसे, मर्तिके आणि गावकऱ्यांची भांडणे. हे दुभाष्यामार्फत होण्यासारखे नव्हते. स्टीफन्स रोजच्या बोलण्यातली कोंकणी शिकले आणि त्याबरोबर मराठी ग्रंथांची भाषाही शिकले. घरात आणि बाजारात कोंकणी, तर कीर्तन-पुराणात मराठी, ही गोव्याची जुनी रीत त्यांनी नीट ओळखली होती. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी इथल्या भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनशी जुळते असे नोंदवले. भाषाशास्त्राचे पंडित हीच गोष्ट मांडू लागले ती त्यानंतर दोनशे वर्षांनी.

त्याच वर्षी जुलैमध्ये कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले. देवळे पाडणाऱ्यांविरुद्ध गावकऱ्यांचा संताप तेथे उफाळून आला होता. मृतदेह मिळवून त्यांचे दफन करण्याचे काम स्टीफन्स यांनी केले. पुढे पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या प्रमुखांना बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार मारले. अशा काळातही स्टीफन्स साष्टीतच राहिले.

त्याच वर्षाच्या अखेरीस राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे दोन सोबती असे चार इंग्रज गोव्यात कैद होऊन आले. पोर्तुगीजांना ते हेर वाटत होते. स्टीफन्स यांनी एका फ्लेमिश पाद्र्याच्या साहाय्याने त्यांच्या जामिनाची खटपट केली आणि ते सुटले. मायदेश सोडून आठ-नऊ वर्षे झालेल्या माणसाला आपल्या भाषेत बोलणारी माणसे भेटली ती अशी, तुरुंगात. ते प्रवासी पुढे निघून गेले. स्टीफन्स पुन्हा कधीही इंग्लंडला परतले नाहीत.

'क्रिस्तपुराणा'चा जन्म कसा झाला, याचा प्रसंग ग्रंथाच्या आरंभीच आला आहे. कोणी एक ब्राह्मण पाद्र्याला म्हणतो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हाला का देत नाही? प्रश्न साधा होता आणि रास्तही. पिढ्यान्‌पिढ्या संध्याकाळी पुराण ऐकणाऱ्या लोकांचा तो वेळ रिकामा पडला होता. नुसती प्रश्नोत्तरे पाठ करून तो भरून निघणारा नव्हता. स्टीफन्स यांनी ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेतली ओवी घेतली. 'पैले पुराण' आणि 'दुसरे पुराण' अशा दोन भागांत बायबलची कथा सांगितली. आरंभी परमेश्वराला नमन केले, स्वर्गाला वैकुंठ म्हटले, आणि साष्टीतल्या माणसाला समजावे म्हणून मराठीत कोंकणी शब्द सहज मिसळले.

ग्रंथ देशी लिपीत छापावा ही त्यांची इच्छा होती. १६०८ मध्ये त्यांनी रोमला तसे लिहिलेही. पण अक्षरे, काना-मात्रा आणि जोडाक्षरे मिळून शेकडो खिळे पाडावे लागणार होते. ते जमले नाही. शेवटी १६१६ मध्ये रायतूर, म्हणजे आजच्या राशोल येथे तो रोमन लिपीत छापला गेला. त्यानंतर तीन वर्षांनी, १६१९ मध्ये, स्टीफन्स गोव्यातच वारले. त्यांची कोंकणीतील 'दौत्रीन' १६२२ मध्ये आणि कोंकणीचे व्याकरण १६४० मध्ये छापले गेले. भारतीय भाषेचे छापलेले हे अगदी सुरुवातीचे व्याकरण.

पुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या १६४९ आणि १६५४ मध्ये निघाल्या. पण १६८४ मध्ये विसरईने फर्मान काढले की तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. पाद्र्यांनीच वाढवलेली भाषा आता राज्यकर्त्यांना नकोशी झाली. तरी पुराण बुडाले नाही. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही, पण हस्तलिखिते घरोघर राहिली. गोव्याहून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ती वाचत ठेवली. त्यांच्याच आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापला. देवनागरी लिपीतले एक हस्तलिखित लंडनमध्ये सापडले आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली. स्टीफन्स यांची इच्छा पुरी व्हायला अशी साडेतीनशे वर्षे लागली.

आज पर्वरीला कोंकणीच्या अभ्यासाचे केंद्र त्यांच्या नावाने आहे आणि मराठीच्या इतिहासातही त्यांचे स्थान पक्के आहे. दोन्ही भाषांना ते आपले वाटतात, कारण ते दोन्ही भाषांत जगले. ते आले होते लोकांचा धर्म बदलायला, आणि ते काम त्यांनी अखेरपर्यंत केले. पण त्यासाठी ज्या लोकांत राहायचे त्यांची बोली आणि त्यांची ओवी त्यांनी आपली मानली. ज्यांचे पुराण गेले होते त्यांच्या हाती पुन्हा मराठी पुराण आले, ते यामुळेच.